तक्ता का देत नाही

"ताई, तो तुमचा उपसर्गांचा तक्ता मिळेल का?" पालक विचारतात, जुने विद्यार्थी धाकट्या भावंडांसाठी मागतात. नाही म्हटलं की वाटतं त्यांना, बाई हातचं राखून शिकवते. "वर्गात तर इंग्रजी शब्दांचं लॅटिन मूळ रंगवून सांगता!" सांगते ना. आजही सांगते. तक्ता मात्र देत नाही. इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी कबुली. मला लॅटिन येत नाही. शब्दकोशात शब्दाची व्युत्पत्ती देतात, तेवढंच माझं लॅटिन. पण तेवढ्यावरसुद्धा वर्गात काय धमाल होते! 'जेक्ट'च्या मुळाशी फेकणं आहे. एका मुलाच्या हातात डस्टर दिलं. पुढे फेक, प्रोजेक्ट. दाराबाहेर, इजेक्ट. आलं तसं परत, रिजेक्ट. आत, इंजेक्ट, ते नेमकं कुणाच्या तरी उघड्या दप्तरात गेलं आणि वह्या पांढऱ्या झाल्या. मग एकीनं विचारलं, ऑब्जेक्शनमध्ये कोण काय फेकतं? 'ऑब' म्हणजे समोर, विरुद्ध. आणि आपला 'आक्षेप'? त्यातही क्षिप्, म्हणजे फेकणंच. प्रक्षेपण, विक्षेप, निक्षेप, पोरं एकावर एक ओरडत होती. इन-लीगलचं इल्लीगल का होतं हे सांगायला मला उत्-लेखचा उल्लेख पुरतो. त्यामुळे "त्यापेक्षा शब्द पाठ करून घ्या" असं कुणी म्हणालं की मी अजूनही भांडायला उठते.

तक्ता त्याच भरात केला. डावीकडे उपसर्ग, उजवीकडे अर्थ. प्री, आधी. सब, खाली. रि, पुन्हा. इन, नाही. वीस ओळी, वर लॅमिनेशन. 'इन'चा दुसरा अर्थ 'आत', हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इंजेक्ट मीच शिकवलं होतं की! पण एका ओळीत एकच अर्थ सुटसुटीत दिसतो. मुलांचा गोंधळ नको, असं मी म्हणत होते. खरं तर तक्ता देखणा हवा होता.

तर वर्गात एक मुलगी होती. पाचवीतली. शब्द दिसला की पेन्सिलीनं मध्ये रेघ मारून तोडायचा, ही माझी सवय तिनं सगळ्यांत मनापासून उचलली होती. अचानक हात वर करायची थांबली. मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली. मला वाटलं, कंटाळली असेल. मग तिच्या आईचा फोन. शाळेतून प्रगतिपुस्तकावर सही मागताहेत, आणि हिनं ते घरी दाखवलेलंच नाही; तुम्हाला काही बोलली का?

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. तिनं भूगोलाच्या वहीचं कव्हर सोडवलं आणि आतून प्रगतिपुस्तक काढलं. गुण चांगले होते. खाली वर्गशिक्षिकेचा शेरा, इंग्रजीत, सुरेख अक्षरात: ॲन इन्व्हॅल्युएबल मेंबर ऑफ द क्लास. आणि 'इन'च्या पुढे पेन्सिलीची एक बारीक रेघ.

"इन म्हणजे नाही," ती म्हणाली. "व्हॅल्युएबल म्हणजे किमती. माझा वर्गाला काही उपयोग नाही."

मी हसले. हे लिहिलं नाही तरी चाललं असतं, पण हसले. आठ दिवस ती ते वाक्य वहीच्या कव्हरात घेऊन फिरत होती, आणि मी हसले. मग सावरून म्हटलं, अगं वेडे, इन्व्हॅल्युएबल म्हणजे अमूल्य!

ती गप्प. मग म्हणाली, "अ म्हणजेपण नाहीच ना?"

म्हटलं, हो, पण इथे, ज्याची किंमत करताच येत नाही असं. "मग किंमत नाही की किंमत करता येत नाही, हे शब्दात कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. तिची फोड चुकली नव्हती.

पुढे मी स्वतःची समजूत घालत राहिले. मोठीही फसतात. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. तिथला 'इन' आतवाला. पण लोक 'न पेटणारं' असं वाचतील या धास्तीनं अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं १९२० च्या दशकात फ्लेमेबलच वापरा, असा आग्रह धरला. मग पाचवीतल्या पोरीचं काय घेऊन बसलात?

तक्ता करणारी मी अजून माझ्याशी वाद घालते. इन्व्हिजिबल, इन्करेक्ट, इम्पॉसिबल, कितीतरी शब्द मुलांनी त्या एका ओळीवर सोडवले, ते नाही मोजायचे? एका मुलीपायी सगळ्यांचा तक्ता काढून घ्यायचा? माझ्याकडे धड उत्तर नाही. आता मी आधी शब्द वाक्यात भेटवते, तसे पाच-सहा जमले की मगच तोडायला देते. वेळ खूप जातो. इन्फंट म्हणजे मुळात 'न बोलणारं' हे कळल्यावर मुलं हरखतात, पण तिथवर पोचायला आठवडा लागतो, आणि पालक विचारतात, महिन्यात शब्द किती झाले? बरोबर विचारतात. कमी होतात.

ती मुलगी नंतर वर्षभर येत होती. प्रत्येक शब्दाला विचारायची, "ताई, हा कुठला इन?" कधी कधी मलाच शब्दकोश उघडावा लागायचा.

परवा परीक्षेच्या आदल्या दिवशी घाईघाईत मीच फळ्यावर लिहिलं, इन, नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं.