विश्रामबाग वाडा, १:२० : सांगाडा उभा, आता विटा

पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचं मी १:२० मापात मॉडेल करतोय. दर्शनी बाजूचे तीन खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) पहिल्या मजल्याच्या कडीपाटापर्यंत, म्हणजे लाकडी छतापर्यंत, आलेत. जोतं, उथळी (खांबाखालचे दगड), खांब, तुळया जागेवर आहेत. भिंती अजून नाहीत, आणि हा क्रम मी मुद्दाम धरलाय. पुण्याच्या वाड्यांत मजल्यांचा बराचसा भार सागवानी सांगाडा पेलतो. वीट मधली जागा भरते आणि सांगाड्याला डुलू देत नाही. आधी भिंत करून वर लाकूड चिकटवलं, तर वाडा कसा उभा राहतो हेच मॉडेलमधून निघून जाईल.

सर्वांत जास्त वेळ सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांनी घेतला. खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा हा आकार लेथवर नीट उतरतो, पण वरची केळफुलं हातानेच कोरावी लागतात. या मापात सागाच्या रेषा फार भरड दिसतात, म्हणून शिवणीचं लाकूड घेतलं. कोरायला मऊ, आणि बारीक पाकळी तुटत नाही.

मूळ वाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. खर्च दोन लाखांच्या घरात. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढच्या डेक्कन कॉलेजचं मूळ तेच. मे १८७९ च्या आगीत पूर्वेची, म्हणजे दर्शनी, बाजू जळाली, नंतर ती पुन्हा उभारली. म्हणून मी पेशवेकालीन रूप कल्पनेने रंगवत नाही, आज उभं आहे तेच करतोय. जळून परत उभा राहिलेला दर्शनी भाग हाही वाड्याचाच इतिहास आहे, तो पुसायचा हक्क आपल्याला नाही.

विटांसाठी कुंभाराची माती चाळून दीड मिलिमीटरचा थर लाटला, कापला, भाजला. जुन्या विटा आजच्यापेक्षा खूपच पातळ आणि चपट्या असतात. दुकानातल्या तयार मॉडेल-विटा लावल्या की भिंत लगेच नवी दिसते. भाजताना रंग थोडा कमीजास्त झाला, तो तसाच ठेवणार आहे. दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, चुना आणि वस्त्रगाळ वाळूने भरीन, सिमेंट अजिबात नाही. एका कोपऱ्यात गिलावा अर्धाच देणार, म्हणजे आतली वीट आणि तिच्यात शिरलेलं तुळईचं टोक दिसेल.

एखादा जुना वाडा उतरवताना भिंतीतल्या तुळईच्या टोकाचे जवळून फोटो कुणी काढले असतील तर जरूर दाखवा. टोकाखाली दगड होता की लाकडाची फळी, तेवढं पाहायचंय.