पीपॅप पूर्ण, तरी क्लिप तुटली

सोमवारी सकाळी कस्टमरच्या लाइनवरून फोन आला. शुक्रवारी दुसऱ्या शिफ्टला बसवलेल्या ६४० असेंब्लींपैकी ११ मध्ये स्प्रिंग क्लिप तुटलेली. बसवताना एकही तुटली नव्हती. पिनवर चढल्या, लॉक झाल्या, तपासणीत पास झाल्या आणि शनिवार-रविवारमध्ये जागच्या जागी मोडल्या. बिनच्या तळाशी अर्धे तुकडे पडले होते. वरून भार नाही, कंपन नाही. प्लेटिंग केलेल्या कडक स्टीलचा पार्ट असा उशिराने तुटला की पहिला संशय हायड्रोजनवर जातो, कारण स्टीलमध्ये शिरलेला हायड्रोजन ते ठिसूळ करतो.

पार्ट साधा. १.२ मिमी जाडीची सी७५एस स्प्रिंग स्टीलची पट्टी, हार्डनिंग-टेम्परिंग करून ४४ ते ४८ एचआरसी (कडकपणाचं माप), वर ८ मायक्रॉन झिंक आणि ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन (झिंकला गंजापासून जपणारा क्रोमियमचा पातळ थर). स्टॅम्पिंग आमच्याकडे चाकणला, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग भोसरीत जॉबवर्कला. पीपॅप, म्हणजे उत्पादनाआधी कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं, लेव्हल ३ चा आणि फाइल पूर्ण होती. थराच्या जाडीचा पीपीके (प्रक्रिया मर्यादेत किती आरामात बसते त्याचा आकडा) १.८, गेज आर अँड आर (मोजमापाची स्वतःची चूक) ८ टक्के, सॉल्ट स्प्रे (गंजाची चाचणी) पास, कडकपणा मध्यावर. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. अडचण अशी की हायड्रोजन शिरल्याने माप बदलत नाही, कडकपणा बदलत नाही, थराची जाडीही बदलत नाही. तयार पार्ट मोजून तो सापडतच नाही, त्यामुळे फाइलमधल्या कुठल्याच रिपोर्टमध्ये तो दिसणार नव्हता.

तो शिरतो दोन ठिकाणी. एक, प्लेटिंगआधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमधल्या पिकलिंगमध्ये (गंज-पापुद्रा काढायच्या धुलाईत). दुसरं, खुद्द झिंकच्या बाथमध्ये. काही अणू स्टीलमध्ये मुरतात आणि वर झिंक चढलं की त्यांची बाहेर पडायची वाट अडते. क्लिप पिनवर उघडून बसवली की वळणाच्या आतल्या बाजूला ताण येतो, हायड्रोजन सरकत तिथे जमतो आणि स्टीलमधल्या सूक्ष्म दाण्यांच्या सीमा सुटायला लागतात. म्हणून तुटायला तास लागतात, कधी दिवस. लॅबमध्ये स्कॅनिंग मायक्रोस्कोपखाली तुटीचा पृष्ठभाग पाहिला. आतल्या वळणापासून सुरू झालेली तूट दाण्यांच्या सीमांवरूनच गेली होती, खडीसाखरेच्या पैलूंसारखी.

यावर उपाय म्हणजे बेकिंग. प्लेटिंगनंतर लवकरात लवकर, जास्तीत जास्त चार तासांच्या आत पार्ट ओव्हनमध्ये घालायचा आणि १९० ते २२० अंशांवर ठेवायचा. उशीर चालत नाही, कारण एकदा पडलेली सूक्ष्म चीर बेकिंगने सांधली जात नाही. ड्रॉइंगवर बेकिंगची नोंद होती आणि प्लेटरच्या टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) ‘बेकिंग ४ तास, २०० अंश’ असं छापलेलंही होतं.

त्या लॉटचं जॉब कार्ड आणि ओव्हनचं रजिस्टर शेजारी ठेवून वाचलं. बाथमधून बॅरल बाहेर आलं रात्री ९.४० ला. ओव्हनमध्ये माल गेला दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला. मध्ये जवळजवळ ११ तास. प्लेटिंग दोन शिफ्टमध्ये चालायचं, ओव्हन एकाच. यात लबाडी नव्हती. ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशनचा थर २०० अंशांना बिघडू शकतो, म्हणून बेकिंग प्लेटिंग आणि पॅसिव्हेशनच्या मधे करावं लागतं. बेकिंगनंतर झिंक मंद पडतं, त्याला सौम्य नायट्रिक ॲसिडमध्ये जागं करून मग पॅसिव्हेशन द्यावं लागतं. लाइन अशी मधेच तोडणं प्लेटरला नको असतं, म्हणून रात्रीचा माल सकाळच्या मालाबरोबर एकदम टाकला जायचा.

दुसरी गोष्ट ट्रेमध्ये सापडली. क्लिपांचा ढीग १४० मिमी उंच भरलेला. कंट्रोलरवर २०० दिसत होते, पण ते ओव्हनच्या हवेचं तापमान. आम्ही ढिगात तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) खोचले. वरचा ३५ मिनिटांत १९० वर गेला. मधल्याला १ तास ५० मिनिटं लागली. वेळ मोजायचे ते स्विच टाकल्यापासून, म्हणजे चार तासांपैकी ढिगाच्या पोटातल्या क्लिपांना दोन तास जेमतेम मिळाले.

मग आमचा स्वतःचा एपीक्यूपी, म्हणजे नव्या पार्टचा गुणवत्ता आराखडा, उघडला, आणि खरी चूक तिथे होती. पीएफएमईएमध्ये, म्हणजे प्रक्रिया कुठे चुकू शकते त्याच्या तक्त्यात, प्लेटिंगला एकच ओळ: ‘बाहेरून प्लेटिंग, सिव्हिरिटी ८, ऑकरन्स २, डिटेक्शन २’. म्हणजे परिणाम किती गंभीर, किती वेळा घडतं आणि पकडणं किती अवघड, हे १० पैकी. गुणाकार ३२, म्हणून कोणी थांबलं नाही. डिटेक्शनला २ कशाच्या जोरावर? तर प्लेटर टीसी देतो म्हणून. जी गोष्ट तयार पार्टवर मोजताच येत नाही तिला कागदाच्या भरवशावर २ देणं चूकच. खरा आकडा ९ च्या आसपास. ऑकरन्सही ५ धरावा लागतो, कारण रोज रात्री तेच होत होतं. अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए पद्धतीत ८, ५, ९ ला ॲक्शन प्रायॉरिटी (सुधारणेची निकड) ‘हाय’ येते. पण एक सांगितलं पाहिजे: आमचे जुने आकडे नव्या तक्त्यात घातले असते तर तिथेही ‘लो’च आलं असतं. पद्धत नवी घेतली तरी रेटिंग ओव्हनसमोर उभं राहूनच द्यावं लागतं.

बुधवारच्या बैठकीत कस्टमरच्या एसक्यूएने (पुरवठादारांची गुणवत्ता पाहणाऱ्याने) ८डी मध्ये (तक्रारीच्या आठ पायऱ्यांच्या अहवालात) एक ओळ सुचवली: प्लेटरने आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) सर्टिफिकेट घ्यावं. ऐकायला भक्कम वाटतं. माझं मत विरुद्ध होतं आणि आजही आहे. प्लेटरकडे १४ माणसं. आयएसओ ९००१ आहेच. आयएटीएफच्या स्टेज ऑडिटआधी १२ महिन्यांचा परफॉर्मन्स डेटा आणि इंटर्नल ऑडिटचं पूर्ण चक्र लागतं, म्हणजे वर्ष तिथेच गेलं. शिवाय आयएटीएफ हे संपूर्ण यंत्रणेचं मानक आहे. बेकिंग किती तासांत सुरू करायचं, ओव्हनचं तापमान कुठे मोजायचं, हे त्यात लिहिलेलं नाही. ते विचारतं सीक्यूआय-११, प्लेटिंगसाठीचं असेसमेंट. त्यात प्रक्रियेचे तक्ते असतात आणि एक जॉब ऑडिट असतं: चालू लॉटपैकी एक उचलायचा आणि चलनापासून पॅकिंगपर्यंत त्याच्यामागे चालत जायचं. आमचे ११ तास त्या एका ऑडिटमध्ये सापडले असते.

आयएटीएफचं ८.४.२.३ कलमही छोट्या पुरवठादाराला पायरीपायरीने नेतं. आधी आयएसओ ९००१, मग कस्टमरने सांगितलं तर सब-टियरसाठीच्या (पुरवठादाराच्या पुरवठादारासाठीच्या) किमान अपेक्षा सेकंड पार्टी ऑडिटने (खरेदीदाराने केलेल्या ऑडिटने) तपासायच्या, पुढे आयएटीएफ. म्हणून ठरलं ते असं: प्लेटरचं आयएसओ ९००१ कायम, त्यावर सीक्यूआय-११ दरवर्षी आणि जॉब ऑडिट आमच्या माणसासमोर. हीट ट्रीटमेंटवाल्याला त्याच्या कामाचं तसंच असेसमेंट, सीक्यूआय-९, कारण फर्नेसमधल्या तापमानाच्या एकसारखेपणाचा सर्व्हे तिथे सक्तीचा आहे. हाच पार्ट जर्मन कस्टमरला जात असता तर व्हीडीए ६.३ चं प्रोसेस ऑडिट लागलं असतं. त्यात ९० टक्के आणि वर ए ग्रेड, ८० च्या खाली सी. कुठलं मानक लावायचं ते आधी कस्टमर-स्पेसिफिक रिक्वायरमेंटमध्ये बघायचं, आणि मग प्रक्रिया कुठे दगा देऊ शकते ते बघायचं.

कंट्रोल प्लॅनमध्ये (कुठे काय तपासायचं त्याच्या तक्त्यात) प्लेटिंगच्या एका ओळीच्या नऊ ओळी झाल्या. पिकलिंगची वेळ आणि ॲसिडमधलं इनहिबिटर (ॲसिडला स्टील खाण्यापासून रोखणारं रसायन). बॅरल बाहेर आल्याची आणि ओव्हनमध्ये गेल्याची वेळ एकाच कार्डावर, दोन्हींत एका तासापेक्षा जास्त अंतर नाही. ट्रेमध्ये ढीग ६० मिमीपर्यंतच, वेळ मोजायची ढिगातला थर्मोकपल १९० वर गेल्यापासून. आणि प्रत्येक लॉटच्या ५० क्लिपा जाड पिनवर चढवून ४८ तास ठेवायच्या, मग १० पट भिंगातून आतलं वळण बघायचं. एकही चीर दिसली तर लॉट बाद. ही ४८ तासांची थांबणूक प्लॅनिंगवाल्यांना आवडली नाही, कारण दोन दिवसांचा साठा वाढला.

जुन्या लॉटच्या क्लिपा सॉर्ट करायचा प्रस्ताव आला होता, तो मान्य केला नाही. नजरेने किंवा गेजने वेगळं करता येईल असं त्यांच्यात काही नव्हतं. कस्टमरकडच्या, वाटेतल्या आणि गोडाउनमधल्या सगळ्या क्लिपा स्क्रॅप केल्या आणि बसवलेल्या बदलून दिल्या.

ड्रॉइंगमध्ये इलेक्ट्रोप्लेटिंगऐवजी झिंक फ्लेक कोटिंग घ्यावं, असा बदलाचा अर्ज दिला आहे. त्यात थर बुडवून आणि फिरवून चढतो, करंट नसतो, आणि पिकलिंगऐवजी शॉट ब्लास्टिंग केलं की हायड्रोजन शिरायची दोन्ही दारं बंद होतात. दर जास्त पडतो आणि पीपॅप नव्याने द्यावा लागेल. या वेळी फीजिबिलिटीच्या (काम जमेल का हे ठरवायच्या) पहिल्या बैठकीला कोटिंगवाला हजर होता. ट्रेमध्ये माल किती उंच भरतो, हा त्याला विचारलेला पहिला प्रश्न.