लुईस कुठून धरावा

विदर्भातल्या गावच्या ड वर्गाच्या ग्रंथालयात सी. एस. लुईस आलाच, तर देणगीच्या गठ्ठ्यातून येतो, आणि आल्या आल्या त्याचे तीन तुकडे होतात. नार्नियाची पुस्तकं बालविभागात, मंगळ-शुक्राच्या कादंबऱ्या विज्ञानकथांत आणि उरलेली 'धार्मिक'मध्ये, ग्रामगीता आणि हरिपाठाच्या शेजारी. रजिस्टरच्या हिशेबाने हे बरोबर आहे. वाचणाऱ्याचा मात्र घोळ होतो, कारण बेलफास्टला १८९८ साली जन्मलेला, ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्य शिकवणारा, तरुणपणी पक्का नास्तिक असलेला आणि १९३१ मध्ये पुन्हा ख्रिस्ती झालेला हा माणूस तिन्ही कपाटांत एकाच श्रद्धेची गोष्ट सांगत असतो.

सुरुवात कपाटाच्या गोष्टीने करावी, म्हणजे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या १९५० सालच्या पुस्तकाने. चार भावंडं एका कपाटातून नार्निया या जादूच्या देशात जातात, ती ही गोष्ट. सतरा प्रकरणं, सोपं इंग्रजी. दहावी झालेल्या पोराला डिक्शनरी जवळ ठेवून जमतं. गोची होते ती पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्यांमुळे. हल्लीच्या आवृत्त्यांत 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ छापलेला असतो. ते आलं १९५५ मध्ये, नार्नियाच्या सात पुस्तकांपैकी सहावं. आकडे घटनांच्या क्रमाने आहेत. आता कपाटाच्या गोष्टीतलं सातवं प्रकरण काढून पाहा. बीव्हर नावाचा बोलणारा प्राणी दबक्या आवाजात अस्लानचं नाव घेतो, आणि लेखक म्हणतो की अस्लान कोण हे तुम्हाला माहीत नाही, तसंच त्या मुलांनाही माहीत नव्हतं. १ नंबरचं पुस्तक आधी वाचलेल्याच्या बाबतीत हे वाक्यच खोटं ठरतं. जंगलात एकटाच दिव्याचा खांब कसा, हे कोडंही आधीच सुटलेलं असतं. लुईसने स्वतः १९५७ मध्ये एका मुलाला पत्रातून घटनाक्रमाच्या बाजूने कौल दिला होता, हे खरं. पण लेखकाला शेवट आधीच ठाऊक असतो. त्याचं या बाबतीत फार मनावर घेऊ नये.

वाचायला मे महिना उत्तम. त्या चेटकिणीच्या राज्यात कायम हिवाळा असतो आणि नाताळ काही येत नाही. बाराही महिने नवतपाचं ऊन आणि मृग लागतच नाही, अशी कल्पना केली की ती शिक्षा अकोला-वर्ध्याच्या माणसाला नीट कळते. चौघांतला एडमंड टर्किश डिलाईट या मिठाईच्या डब्यापायी भावंडांना विकतो, हे आजच्या पोरांना पटत नाही. त्यांना सांगावं की ब्रिटनमध्ये मिठाई तेव्हा रेशनवर होती, आपल्या कंट्रोलच्या साखरेसारखीच मोजून मिळायची, आणि ते रेशन १९५३ मध्ये उठलं.

त्यानंतर अंतराळ. 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' (१९३८) विज्ञानाच्या मास्तरांना दिलं की ते मंगळावरच्या कालव्यांशी अडतात. ते कालवे म्हणजे नजरेचा भास, हे लुईसला माहीत होतं. लोकांच्या मनातल्या मंगळावर कालवे असतात, म्हणून त्याने ते ठेवले. 'पेरेलँड्रा' (१९४३) मात्र सावकाश वाचावं. शुक्रावर समुद्रात तरंगणारी बेटं आहेत. लाट आली की जमीन वर उचलली जाते, चढणीची क्षणात उतरण होते, नवख्या माणसाला उभंही राहता येत नाही. तिथल्या राणीला बंदी एकच: पक्क्या जमिनीवर रात्रीचा मुक्काम करायचा नाही. मग एक पृथ्वीवरचा माणूस दिवसरात्र तिच्या कानाशी लागतो, की एक रात्र राहिलं तर काय बिघडलं. या मालिकेच्या तिसऱ्या भागाची, 'दॅट हिडियस स्ट्रेंग्थ'ची, सुरुवात कॉलेजच्या बैठकांनी आणि जागाविक्रीच्या राजकारणाने होते. तिथे पुष्कळजण पुस्तक मिटतात. सोसायटीच्या आमसभा पाहिलेला माणूस टिकतो.

'स्क्रूटेप लेटर्स'ची एकतीस पत्रं १९४१ मध्ये चर्चच्या साप्ताहिकात आली, पुढच्या वर्षी पुस्तक झालं. म्हातारा सैतान आपल्या शिकाऊ भाच्याला माणूस कसा नासवायचा ते शिकवतो. (मूळ इंग्रजीत तो मामा की काका, याचा खुलासा नाही, पण शकुनी ऐकलेल्या लोकांना तो मामाच वाटणार.) पुस्तकात 'शत्रू' म्हणजे देव, हे आधी सांगून ठेवावं. नाहीतर गावाकडच्या त्या पाद्रीबुवांसारखं होतं. त्यांनी यातला सल्ला निव्वळ सैतानी आहे म्हणून साप्ताहिकाची वर्गणी बंद केली होती. रोज एकच पत्र, दहा मिनिटांचं. रात्रीची लाइन येईपर्यंत मोटारीजवळ बसल्या बसल्या होतं. एका बैठकीत पाच-सहा वाचली की तो तिरकस सूर कंटाळा आणतो.

'मिअर ख्रिश्चॅनिटी' मुळात युद्धकाळातली रेडिओ भाषणं, म्हणून मोठ्याने वाचावं. डोळ्यांनी वाचताना कोरडा वाटणारा युक्तिवाद कानाला गोड लागतो.

दुःखाच्या घरी पुस्तक देताना तेवढं जपावं. 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' (१९४०) हे दुःखावरचं नीटस विवेचन आहे; ते तेरवीच्या आधी कुणाच्या हातात देऊ नये, नंतरही घाई नको. द्यायचंच तर 'अ ग्रीफ ऑब्झर्व्हड' द्यावं. बायको १९६० मध्ये गेल्यावर लुईसने ते लिहिलं आणि पुढच्या वर्षी एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने छापलं. त्यात तो देवावर चिडतो. गरज असते तेव्हाच देवाचं दार तोंडावर आपटतं आणि आतून कडी लागते, असं सरळ लिहितो. घरात कोऱ्या वह्या सापडल्या तेवढ्याच भरायच्या, यासाठी नवी विकत आणायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. चौथी वही भरली आणि लिहिणं थांबलं.