मुलांची कविता भिंतीवर: आधी ओळी मोजा, मग रंग आणा

शाळेच्या कुंपणभिंतीवर मुलांच्या कविता लिहायचं ठरलं की सगळे आधी रंग निवडायला बसतात. सुरुवात मापापासून करावी. तीसेक फुटांवरून वाचता यायला अक्षर किमान ४ इंच उंच हवं. त्यात वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. म्हणून एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत ८ इंच सोडायचे. खालचा दीड फूट चिखलाच्या शिंतोड्यांना (आणि पिचकाऱ्यांना) सोडून द्यावा. मग १० बाय ६ फुटांच्या भिंतीवर पाच ओळी आणि कवीचं नाव, एवढंच मावतं. कविता मोठी असेल तर तुकडा कवीलाच निवडू द्या. ओळ त्याने तोडली तिथेच तुटली पाहिजे. जागा संपली म्हणून शेवटचा शब्द खाली ढकलला की कवितेचा सूचनाफलक होतो. त्याने ‘व्हतं’ लिहिलंय ना, मग ‘व्हतं’च राहू द्या. गुरुजींचा लाल पेन इथे नको.

काम पावसाळा सरून भिंत वाळल्यावरच. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्या. पांढरे क्षार फुटले असतील तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतले तर विरघळून पुन्हा आत मुरतात. पोपडे खरवडून भेगांत पांढऱ्या सिमेंटची लांबी (पुट्टी), मग एक्स्टिरिअर प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात: ६० चौरस फुटांना साधारण सव्वा लिटर. ऑइलपेंट चकाकतो म्हणून मोह होतो, पण ओल आत कोंडते आणि फुगे येतात.

अक्षरं थेट भिंतीवर काढू नयेत. पूर्ण मापाच्या कागदावर लिहून कडेने सुईने भोकं पाडा, कागद चिकटवा आणि त्यावर गेरूची पूड बांधलेली कापडाची पुरचुंडी थापा, म्हणजे भोकांतून अक्षरांचे ठिपके भिंतीवर उमटतात. भिंतीचा माथा बहुधा तिरका असतो, त्यामुळे शिरोरेषा पाण्याच्या नळीने लेव्हल काढूनच आखावी. जादा गेरू झटकला नाही तर रंगात मिसळून कडा मळतात. मास्किंग टेप रंग ओलसर असतानाच काढा. भडक लाल-पिवळे उन्हात लवकर उडतात; काळा आणि आयर्न ऑक्साइडचा तांबूस टिकतो.

भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी आधीच घ्यावी, कारण महाराष्ट्राचा १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा कविता आणि जाहिरात असा भेद करत बसत नाही. पालकांची संमतीही लेखी. भिंतीवर मुलाचं फक्त पहिलं नाव. पार्श्वभूमीचा पाव लिटर रंग शेड नंबर लिहून शाळेत ठेवा, डाग झाकायला लागतोच.