एकाच भांड्यातून

शनिवार, रात्र.

आज दहा अनोळखी माणसांबरोबर एका लांब टेबलावर जेवून आले. अशा सहभोजनांची आमंत्रणे अलीकडे इतक्यांदा समोर येत होती, की शेवटी मीही नाव नोंदवले. कुतूहल होतेच, पण खरे कारण रोजनिशीत लिहायला हरकत नाही: गेल्या पंधरवड्यात माझे रात्रीचे एकही जेवण फोन समोर ठेवल्याशिवाय झालेले नव्हते.

पहिली पंधरा मिनिटे अवघडलेली गेली. प्रत्येक जण नाव आणि काम सांगून मोकळा झाला आणि मग सगळेच आपापल्या पाण्याच्या पेल्याकडे पाहू लागले. संयोजकांनी गप्पांसाठी प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. त्यांनी संकोच वाढवला, एवढेच. फरक पडला तो जेवण आल्यावर. भांडी टेबलाच्या मधोमध ठेवलेली होती, प्रत्येक भांड्यात डाव एकच होता आणि लांबचे काही हवे असेल, तर कोणाला तरी मागण्यावाचून गत्यंतर नव्हते. “जरा इकडे सरकवता का?” एवढ्या एका वाक्याने जे साधले, ते त्या चिठ्ठ्यांना साधले नव्हते. समोरच्या गृहस्थांनी तळाशी उरलेले शेवटचे दोन घास पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि त्यातले निम्मे न विचारताच मला वाढले. त्यानंतर आम्ही तासभर बोलत होतो.

केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी पूर्वी वाचला होता. त्यात अनोळखी माणसांच्या जोड्यांना वेतनाच्या लुटुपुटीच्या वाटाघाटी करायला लावले होते आणि ज्यांनी त्याआधी एकाच भांड्यातून खाल्ले होते, त्या जोड्या लवकर तडजोडीला आल्या. तेव्हा मला हे जरा ओढूनताणून काढलेले वाटले होते. आज मात्र, आपल्या ताटात किती घ्यायचे हे ठरवताना दुसऱ्याच्या भुकेचा अंदाज कसा आपोआप घेतला जातो, हे माझ्याच हाताने मला दाखवले.

अशा सहभोजनांची ही ओढ सध्याच का वाढावी, याचे उत्तर काही अंशी 2025 च्या जागतिक आनंद अहवालात सापडते. अमेरिकेत 2023 मध्ये साधारण चारांपैकी एका व्यक्तीने आदल्या दिवशीची सगळी जेवणे एकटीने घेतली होती आणि 2003 पासून हे प्रमाण 53 टक्क्यांनी वाढले आहे. इतरांबरोबर जेवणारी माणसे अधिक समाधानी असल्याचेही तो अहवाल सांगतो. अर्थात माणूस एकटा जेवतो म्हणून उदास होतो, की उदास असतो म्हणून एकटा जेवतो, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. माझ्यापुरते म्हणाल, तर दोन्ही खरे असावे.

एक गोष्ट मात्र खटकली. निम्मे लोक पहिला घास घेण्याआधी छायाचित्रे काढण्यात गुंतले होते आणि शिवाय, अनोळखी माणसांशी ओळख व्हावी म्हणून पैसे भरून आलेल्या मला वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची नावेसुद्धा माहीत नाहीत. पुढच्या रविवारी त्यांना जेवायला बोलवावे म्हणते. माझ्याकडे चारच खुर्च्या आहेत. उरलेल्या त्यांनाच आणायला सांगावे लागेल.