४३५ मेगाहर्ट्झची हेलिकल अँटेना: वेढे झाले, मॅचिंग चालू

मंडळी, फोंड्याच्या गच्चीवर सॅटेलाईट ऐकायची हेलिकल, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेढ्यांची अँटेना, उभी राहिलीय. पीव्हीसी पाईपचा बूम (मधला दांडा), एसीवाले वापरतात ती तांब्याची बारीक नळी, सात वेढे, मागे लाटा पुढे परतवणारा जाळीचा रिफ्लेक्टर. तरंगलांबी ६९ सेंमी, म्हणून वेढ्याचा घेरही तेवढाच, व्यास २२ आणि दोन वेढ्यांत अंतर साधारण १६, म्हणजे चढ १३ अंशांचा.

घेर एक तरंगलांबीच का, तर वेढ्यावरचे समोरासमोरचे दोन बिंदू घ्या, तारेवरून मोजलं तर त्यांच्यात अर्धी तरंगलांबी, म्हणजे करंटची फेज (लाटेच्या चक्रातली जागा) उलटी, पण तिथे तारेची दिशासुद्धा उलटीच, त्यामुळे दोन्हीकडचं फील्ड एकाच दिशेला येतं आणि अक्षावर बेरीज होते. लाट पाव वेढा पुढे गेली की फील्ड ९० अंश फिरतं, झालं सर्क्युलर पोलरायझेशन, म्हणजे गोल फिरत जाणारं फील्ड! मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे सगळे वेढे पुढच्या दिशेला एका फेजमध्ये यायचे तर तारेवरच्या लाटेला प्रकाशाच्या साधारण ०.८३ पट वेगानं जावं लागतं, आणि ती जवळपास तशीच जाते, फ्रिक्वेन्सी थोडी हलली तरी स्वतःच जुळवून घेते. म्हणून मापं मिलिमीटरला धरून बसायची गरज नाही. जॉन क्राऊस यांनी १९४६ साली ओहायोत हे शोधलं. हँडीच्या (हातातल्या वॉकीटॉकीच्या) रबरी अँटेनातही हेलिक्सच असते बरं का, पण तिचा घेर तरंगलांबीपुढे अगदी छोटा, म्हणून ती अक्षाला आडवी रेडिएट करते.

स्पेस स्टेशनच्या ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकून बघितलं. सॅटेलाईटचा सिग्नल लिनियर (फील्ड एकाच रेषेत हलणारा) असेल तर आपले ३ डीबी, म्हणजे अर्धी पॉवर, जातात हे खरं, पण वाटेत आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) पोलरायझेशन कितीही फिरलं तरी तोटा तेवढाच राहतो, यागीवर (जुन्या टीव्हीच्या काड्यांच्या अँटेनासारखी) मधेच आवाज बुडतो तसं होत नाही. मला हा सौदा शंभर टक्के पटतो. बीम (अँटेनाचा झोत) ४० अंशांच्या आसपास, हातानं फिरवलं तरी पुरतं. पश्चिमेला क्षितिजाजवळून जाणारे सॅटेलाईटचे पास (फेऱ्या) मात्र माडांच्या ओल्या झावळ्या खातात, पावसात जास्तच.

आता राहिलं मॅचिंग, म्हणजे अँटेना आणि केबलचा इम्पीडन्स जुळवणं. अँटेना साधारण १४० ओहम, कोॲक्स केबल ५०, म्हणून पहिल्या पाव वेढ्याला पत्र्याची पट्टी सोल्डर केलीय आणि नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून ती रिफ्लेक्टरकडे हळूहळू दाबतोय, एसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) उतरतोय. ज्यांना करायचीय त्यांनी वेढे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखे घ्या, ते राईट हँड सर्क्युलर. डिशच्या फीडला, म्हणजे तबकडीसमोरच्या अँटेनासाठी, लावणार असाल तर उलटे, कारण परावर्तनात हात (फिरण्याची दिशा) बदलतो.