शाळेच्या लॅबसाठी लिनक्सचा डेस्कटॉप ठरवताना: माझा अनुभव

गावच्या शाळेच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं काम मी अंगावर घेतलं होतं. रॅम दोन जीबी. टाकायला काही त्रास झाला नाही. घोडं अडलं ते मुलांसमोर कोणता डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू आणि पॅनलचा कोणता पडदा, उघडायचा यावर.

इन्स्टॉलरच्या यादीत जीनोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, मेट, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी सगळे असतात. यादीला हात न लावता पुढे गेलात तर जीनोम बसतो. मला एक्सएफसीई हवा होता. आमच्याकडे नुसतं लॉगिन करून टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही कमांड दिली, तर जीनोम एक जीबीच्या आसपास खायचा, एक्सएफसीई त्याच्या साधारण निम्मं. दोन जीबीच्या मशीनवर ब्राउझर उघडला की हा फरक लगेच जाणवतो. शिवाय जीनोममध्ये खिडकीला फुलीचं बटण तेवढं दिसतं, मिनिमाइझचं नाही. विंडोजवर हात बसलेल्या मॅडम ते बटण शोधत बसल्या होत्या.

हे सगळं मी संस्थेच्या कार्यालयाला लेखी दिलं. तिथून उत्तर यायला आठवडे गेले, आणि आलं ते असं: “दोन्ही टाका, मुलं हवं ते निवडतील.” मी परत गेलो, मशीन सोबत नेऊन दाखवलं. “बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ.” पुढच्या मीटिंगला विषय शेवटी ठेवलेला, वेळ संपला. निर्णय न घेण्याला ‘मुलांना स्वातंत्र्य’ असं नाव दिलं की कोणी काही बोलू शकत नाही! मला याचा अजून राग येतो. डिफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारा डेस्कटॉप, ठरवायचा असतो तो सेटिंग कधीच न उघडणाऱ्या मुलासाठी. सातवीतल्या पोराला तासाच्या पस्तीस मिनिटांत मराठी टाइप करायला शिकायचंय. डेस्कटॉप निवडणं हा त्याचा अभ्यास नाही.

शेवटी दोन्ही टाकले. लॉगिन पडद्यावर नावावर क्लिक केलं की कोपऱ्यात दातेरी चाक येतं, त्यात जीनोम, जीनोम क्लासिक, जीनोम ऑन झॉर्ग, एक्सएफसीई सेशन अशी यादी. एकाने सहज वेगळं निवडलं की पुढच्या वेळी तेच खातं तिथेच उघडतं, कारण प्रत्येक खात्याचं शेवटचं सेशन, म्हणजे शेवटी उघडलेला डेस्कटॉप, सिस्टिम लक्षात ठेवते. खात्यांची माहिती सांभाळणाऱ्या ‘अकाउंट्स-सर्व्हिस’च्या फोल्डरमध्ये खात्याच्या नावाची फाइल असते, तिच्यात ‘सेशन’ची ओळ. म्हणून सिस्टिमचा डिफॉल्ट बदलूनही जुनी खाती जीनोममध्येच जात राहिली. मॅडम फळ्यावर “मेनू वर डावीकडे” असं लिहायच्या आणि अर्ध्या वर्गाला मेनू दिसायचाच नाही. फाइल मॅनेजर दोन, सेटिंग्जही दोन. हा गोंधळ मी मुख्याध्यापकांना तासाला उभं करून दाखवला, आणि त्यांनी तिथल्या तिथे सही दिली. कागदापेक्षा वर्ग दाखवा, काम लवकर होतं.

मग जीनोम काढला, लॉगिनचा पडदा दाखवायला लाइटडीएम हा प्रोग्राम आणला, त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘यूझर-सेशन’ एक्सएफसीई केलं आणि जुन्या खात्यांच्या त्या ओळी बदलल्या. लॅब त्या दिवसापासून एकसारखी उघडते.

हो, एक सांगायचं राहिलं. पॅनल, वॉलपेपर, मराठी कीबोर्ड हे सगळं एका खात्यात नीट लावा, त्या सेटिंग्ज ‘स्केल’ (skel, नव्या खात्यांचा साचा) फोल्डरमध्ये ठेवा आणि मगच बाकीची खाती उघडा; खातं तयार होतानाच तिथून नक्कल होते, नंतर नाही. एक्सएफसीईत कीबोर्डच्या लेआउट टॅबमधली सिस्टिम डिफॉल्टची खूण काढल्याशिवाय इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट जोडता येत नाही. पॅनलवर कीबोर्ड लेआउटचं प्लगइनही ठेवा, नाहीतर सध्या मराठी आहे की इंग्रजी ते मुलांना कळत नाही.

आणि वर्गात दृष्टिबाधित मूल असेल तर माझी निवड उचलू नका. डेबियननेच 2013 च्या शेवटी डिफॉल्ट एक्सएफसीई केला होता आणि 2014 मध्ये पुन्हा जीनोम आणला; त्यामागे सिस्टिमडीशी (मशीन सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम) जुळणीबरोबर सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना वापरता येणं, हेही मोठं कारण होतं. अशा वेळी ऑर्का हा स्क्रीन रीडर लावून, त्या मुलाला शेजारी बसवून तपासा, आणि रॅम वाढवून मागा.